सुकणाऱ्या आभाळावर फवारा

जळगाव जामोदला आमच्या परसातून सातपुडा दिसतो. त्याची जलरंगातली चित्रं काढण्यात आणि त्याच परसात भाजी-फुलं लावण्यात माझं आयुष्य गेलं, आणि फार मजेत गेलं. चित्रं माझी, बाग दोघांची. पण बागेत हुकूम बायकोचाच.

मागच्या दिवाळीनंतर मला अर्धांगवायूचा झटका आला. चालणं-बोलणं लवकर सुधारलं, उजवा हात मात्र रुसून बसला. बोटं मिटतच नव्हती. ब्रश धरला की घरंगळून खाली. आता आपलं चित्र काढणं संपलं, या विचारानं मला जेवण जाईना.

डॉक्टर म्हणाले, हाताला काम देत राहा. मी चिडलो, ज्याला काम जमत नाही त्याला काम काय देणार? बायकोनं वाद घातला नाही. रोज सकाळी ती मला मेथीच्या वाफ्याशी बसवायची, उजव्या हातात खुरपं द्यायची आणि स्वतःच्या हातानं माझी बोटं वरून दाबून धरायची. तण कमी आणि मेथीच जास्त उपटली जायची. मी खेकसायचो, ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तिच्याइतका धीर माझ्यात असता तर मी कितीतरी बरा चित्रकार झालो असतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी डाव्या हातानं चित्र काढायला बसलो. जलरंगात आभाळ एका दमात उतरवावं लागतं. रंगाची कडा ओली असतानाच ब्रश पुढे गेला पाहिजे, नाहीतर मधेच डाग पडतो. डावा हात संथ, त्यात आमच्याकडचं ऊन. अर्ध्या आभाळातच कागद वाळायला लागला.

“सुकलं, सुकलं!” मी ओरडलो.

बायको शेजारीच छोट्या पंपानं मिरचीच्या रोपांवर पाणी फवारत होती. ती वळली आणि मदत म्हणून सरळ माझ्या आभाळावर फवारा मारला. आभाळ ओघळून सातपुड्यावर आलं आणि सातपुडा माझ्या पायजम्यावर.

“अवं, काऊन मारलं पानी?”

“तुमीच म्हणून राह्यले ना, सुकलं म्हणून! रोप सुकलं तं पानीच देतो ना आपण?”

माझं डोकं फिरलं. मी उठून तिच्या हातातला पंप हिसकावून घेतला. आणखी बरंच बोलणार होतो, पण ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती पंपाकडे बघत होती, म्हणून मीही बघितलं. पंप माझ्या उजव्या हातात होता. बोटं मुठीभोवती घट्ट मिटली होती.

“सोडू नका,” ती हळूच म्हणाली. “दाबा.”

मी खटका दाबला. फवारा थेट तिच्या चेहऱ्यावर उडाला. ती बाजूला झाली नाही, तोंडही पुसलं नाही.

“अजून,” ती म्हणाली.