वैदेहीताई आणि चक्रीवार

कुणी नवा नियम सुचवला, की वैदेहीताई आपली खुर्ची त्याच्यासमोर ओढायची आणि म्हणायची, "छान आहे. आता आधी माझ्यावर चालव."

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ती इंजिनीअर होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. रविवारी दुपारी तिच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं जमायचो. खेळ कागदाचा, फाशांचा आणि बोलण्याचा; प्रत्येकाचं एक पात्र, त्याची ताकद कागदावर लिहिलेली. गिरीश योद्धा, रफिक तिरंदाज, मी जखमा बऱ्या करणारी वैद्य. राक्षस, किल्ले, दऱ्या ताई रचायची आणि निवाडाही तीच द्यायची. लढाईचे बरेचसे नियम तिने स्वतःच बसवले होते.

त्यातलाच एक चक्रीवार. योद्धा गर्रकन फिरून भोवतीच्या सगळ्या शत्रूंना एकाच डावात कापायचा. सुरुवातीला आम्ही टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं, गिरीशची पाळी झाली की आमच्यासाठी कुणी उरतच नाही. रफिक खिडकीबाहेर बघत बसायला लागला. पण बोलणार कोण? गिरीशचा सिन्नरचा कारखाना बंद पडला होता. घरी वडील त्याच्याशी बोलत नव्हते. तो जिंकायचा ते फक्त इथंच.

एकदा चहा करताना मी ताईला म्हटलं, "राहू दे ना गं. त्याला तेवढंच आहे."

"म्हणूनच नाही राहू देणार. तुम्ही दोघं यायचे थांबलात, तर तो खेळणार कुणाबरोबर?"

बाहेर येऊन तिने सांगूनच टाकलं, "गिरीश, चक्रीवार बदलायचाय."

"इथंही?" एवढंच म्हणून तो उठला आणि दाराकडे निघाला. रफिकने मान खाली घातली.

"जा हवं तर. पण आधी लढून जा," ताई म्हणाली. तिने त्याच्या योद्ध्याचा कागद स्वतःकडे ओढला आणि राक्षस त्याला दिले. "चक्रीवार," ती म्हणाली. फासे पडले. सगळे राक्षस मेले.

"पुन्हा," गिरीश उभ्यानेच म्हणाला. पुन्हा तेच. मग त्याने राक्षस वेगवेगळ्या वाटांनी आणले. जवळ येताच तेही गेले. त्याचे फासे मुठीतच राहिले.

"मला काही करताच आलं नाही," तो म्हणाला. मग आमच्याकडे वळला. "तुम्हाला दर वेळी असंच होतं?"

रफिकने मान हलवली.

"ताकद काढून घेत नाहीये मी," ताई म्हणाली. "वार खुशाल कर. पण फिरून झालं की ढाल खाली. पुढच्या पाळीपर्यंत तू उघडा."

"मग मरेन की!"

"मरशील. कुणी सोबत नसेल तर."

तो बसला. त्या दुपारी पुलावरच्या लढाईत त्याने वार केला, ढाल खाली गेली, आणि मागून उरलेला एक राक्षस हातोडा उगारून आला. गिरीशने फासे खाली ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "नीलिमा, सांभाळ मला." मी माझी वैद्य दोघांच्या मध्ये उभी केली. घाव मी झेलला. रफिकचा बाण लागला तेव्हा तिघंही एकदम ओरडलो.

पुढे ताईची विदर्भात बदली झाली आणि काही वर्षांनी तिकडेच, आजारपणात ती गेली. गिरीशचाच फोन आला.

"त्या दुपारी मी उठलो होतो ना," तो म्हणाला, "तेव्हा मी घरी निघालो नव्हतो गं. परत यायचंच नव्हतं मला."

कुठे निघाला होतास, हे मला विचारवलं नाही.