ब्रेकमास्तरांचा होकार

आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला ब्रेकमास्तरांनी शिकवलं. उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्या शिव्या खाऊन गाडीचा नादच सोडला. अठ्ठावीस वर्षं माणूस चालवणाऱ्याच्या शेजारी बसतोय. पायाखाली जादा ब्रेक आणि तोंडात 'क्लच, क्लच, अहो क्लच!' समोरून ट्रक अंगावर आला तरी हा कधी गोंधळला नाही. गोंधळला तो एका मंगळवारी, जेवताना.

त्यांचा एकुलता एक मुलगा चोवीस वर्षांचा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. त्यानं हातातला घास संपवला आणि म्हणाला, "बाबा, मला भिक्खू व्हायचंय. विहारातल्या भन्तेंशी बोललोय. आईवडिलांचा होकार असल्याशिवाय ते घेत नाहीत. रविवारी सकाळी तुम्हा दोघांना बोलावलंय."

आईनं भाजीचा डाव उचलला. "अजून वाढू?" एवढंच म्हणाली.

"दुकानात काही भांडण झालं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"एखाद्या मुलीची भानगड?"

"नाही हो, बाबा."

"मग आम्ही काय तुझं घोडं मारलंय?"

मुलानं पुढचा घास घेतला. थोड्या वेळानं मास्तरांचा आवाज उतरला. "बरं, नाही म्हटलं तर तुझा तो देव कोपेल का?"

"बुद्ध देव नाही, बाबा. माणूस होता."

"माणूस? मग गाऱ्हाणं घालायचं कुणाकडे?"

पोरानं ताट उचललं आणि मोरीत नेऊन तसंच ठेवून दिलं.

बुधवारी सकाळी आठची शिकवणी बाईंची. बाई म्हणजे इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. वय त्रेसष्ट, परीक्षेत दोनदा नापास, तरी चिकाटी घोरपडीची. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आली तसं मास्तरांनी विचारलं, "बाई, तो बुद्ध घरातून निघाला, तेव्हा घरी सांगून निघाला की न सांगता?"

"सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, रात्री बायको-मूल झोपलेलं असताना गेला."

"म्हणजे पळालाच."

"थांबा. जुन्या वचनांत तो स्वतः सांगतो, आईवडील रडत होते, त्यांची इच्छा नव्हती, तरी मी केस उतरवून निघालो."

"आरशात बघा, आरशात! ...पण त्याची आई तर तो सात दिवसांचा असतानाच गेली ना? मग रडलं कोण?"

"मावशी. तिनंच वाढवला त्याला. आणि आणखी एक हकिकत आहे. नदीच्या पाण्यावरून दोन कुळांत भांडण लागलं, हा लढाईला नाही म्हणाला, आणि घरच्यांची परवानगी घेऊन गेला."

"अहो, तीन-तीन? बाई, एक काय ते सांगा."

"एकच असतं तर इतकी वर्षं मी शिकवत काय बसले असते?" बाईंनी वळण घेतलं, इंडिकेटर मात्र उलटा दिला. "पण तुमच्या मुलाला लावलेला नियम कुठून आला ते ठाऊक आहे? बुद्ध पुढे गावी परत आला. त्याचा मुलगा, सात वर्षांचा, त्याच्या मागे लागला, माझा वारसा द्या म्हणून. ह्यानं त्याला भिक्षूंमध्येच घेतलं. तेव्हा बुद्धाचा म्हातारा बाप आला. म्हणाला, तू गेलास तेव्हा दुखलं, आता नातू गेला. पोराची माया कातडी चिरते, मांस चिरते, हाडाच्या आत जाते. ह्यापुढे आईबापाच्या होकाराशिवाय कुणाचं लेकरू घेऊ नकोस. बुद्धानं ते मान्य केलं."

मास्तरांनी हात लांबवून उलटा इंडिकेटर बंद केला. "म्हणजे हा नियम एका बापानं मिळवलाय."

"हो."

"मग नातू परत मिळाला त्याला?"

"नाही."

ह्यावर गाडी चौकात बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच मास्तर क्लच म्हणायचं विसरले.

पुढचे तीन दिवस त्यांनी दिसेल त्याला धरलं. टायरवाला म्हणाला, "बुद्ध म्हणजे तो हसरा, ढेरपोट्या ना? पोट चोळलं की भरभराट होते." बाई म्हणाल्या, तो निराळाच, कितीतरी शतकांनंतरचा एक चिनी भिक्षू. शुक्रवारी मुलानं मध्यम मार्ग समजावला: फार चैन नको, फार हालही नकोत. मास्तर म्हणाले, "रस्त्याच्या मधून चालवणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या पडतात, बाळा." मुलगा हसला. त्या हसण्यानंच मास्तर जास्त हबकले. घर नकोसं झालेल्या माणसाचं हसणं असं नसतं. मग जातोय कशाला?

ह्या सगळ्यात बायकोला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तिनंही विषय काढला नाही. ती रोजच्यासारखी पाळणाघरात कामाला जाऊन येत होती, दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून.

रविवारी तिघं विहारात गेले. कापडाच्या दुकानावरची लांबट खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. भन्ते सत्तरीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मास्तरांनी बसल्या बसल्या तोंड उघडलं. "भन्ते, हवं-हवं केल्यानं दुःख होतं म्हणता. मग ह्याला भिक्खू व्हायचंय, हेही हवंच झालं की."

"झालंच," भन्ते म्हणाले. "पण तुम्हाला इथे यावंसं वाटलं, तुम्ही आलात. आता पोचल्यावर ते वाटणं उरलंय का?"

"नाही. आता घरी जावंसं वाटतंय."

भन्ते मनापासून हसले. मास्तरांना आपण विनोद केला की मूर्खपणा, ते कळेना. "हा मध्येच परत येऊ शकतो?"

"केव्हाही. चीवर उतरवायचं आणि घरी जायचं. दाराला कडी नाही. तर, तुमचा होकार आहे?"

मास्तरांनी मुलाकडे पाहिलं. "कळलं म्हणून हो म्हणतोय असं नाही... पण हो." आणि रुमाल काढून नाक शिंकरलं.

भन्ते आईकडे वळले. "आणि तुमचा?"

"माझा नाही."

मास्तर म्हणाले, "अगं..."

"अगं काय? आठवडाभर गावभर विचारत फिरलात. टायरवाल्याला विचारलंत. मला विचारलंत?" ती भन्तेंकडे वळली. "इथे स्वतःचं धुणं, झाडलोट स्वतः करायची ना?"

"करायची."

"ह्यानं आजवर स्वतःचं ताट विसळलेलं नाही. हा माया सोडायला निघालाय आणि त्याचे मोजे मी शोधते. वर्षभर घरात स्वतःचं स्वतः करू दे. तरी जावंसं वाटलं, तर पुन्हा विचारा मला. तेव्हा काय म्हणेन, ते आज सांगत नाही."

मुलाचे कान लाल झाले. पण तो वाद घालायला उठला नाही. "बरं, आई," म्हणाला.

"दोघांचा होकार लागतो," भन्ते म्हणाले. "थांबू या."

मास्तर खुर्चीत तसेच. पोरगा राहिला म्हणून आनंद मानावा, की एवढं काळीज घट्ट करून म्हटलेलं वाया गेलं म्हणून वाईट वाटून घ्यावं, त्यांना उमजेना. मायलेक जिना उतरायलाही लागले होते.

"भन्ते," त्यांनी हळूच विचारलं, "मग मी हो म्हटलं, त्याचं काय करायचं?"

"असू द्या तुमच्याजवळ," भन्ते म्हणाले.

"वर्षभर?"

"जड होईल थोडं."

खालून बायकोची हाक आली, "अहो, येताय ना?" मास्तर उठले, आणि चप्पल घालायची विसरून निम्मा जिना अनवाणीच उतरून गेले.