सरांची एक चूक

पगारे सरांच्या प्रत्येक तासात एक चूक असायची, आणि ती मुद्दाम केलेली असायची. नाशिकच्या त्या कॉलेजात गणित घेतलेल्या प्रत्येक पोराला हे पहिल्याच आठवड्यात कळायचं. फळ्यावर कुठेतरी सर बेमालूम गफलत करून ठेवायचे. जो ती पकडेल त्याच्याबरोबर तासाच्या शेवटी फळ्यावरच वाघ-बकरीचा डाव मांडायचे. बाकीचे प्राध्यापक नाकं मुरडायचे. ‘गणित शिकवतात की पारावरचे खेळ?’ मुरडू देत बापडे! त्यांच्या तासाला पोरं डुलक्या काढायची आणि सरांच्या तासाला डोळ्यांत तेल घालून बसायची. पण याच सवयीने पुढे सरांचा घात केला.

खेळाचं वेड मनमाडचं. सरांचे वडील झुंबर पगारे रेल्वेत गँगमन होते. रुळांच्या कडेने चालत जायचं, हातोड्याने रूळ ठोकून बघायचा, सैल बोल्ट आवळायचा, हे त्यांचं काम. सुट्टी असली की क्वार्टरच्या ओट्यावर कोळशाने पट आखायचे. वाघाला गारगोटी, बकऱ्यांना चिंचोके. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या मिळून वाघाला कोंडतात. एक चाल माझी, एक तुझी. ‘वाघाला जोर लागतो बाळा, बकऱ्यांना डोकं लागतं,’ असं झुंबर म्हणायचे. छोटा बुद्धभूषण, म्हणजे आपले सर, मग हट्टाने बकऱ्याच मागायचा.

तो शिष्यवृत्तीवर नाशिकला शिकला, पुण्याला एम.एस्सी. झाला आणि पीएच.डी.ला त्याने विषय घेतला तो पटावरच्या खेळांचा. मार्गदर्शक म्हणाले, ‘पगारे, चिंचोक्यांवर कोणी नोकरी देत नाही.’ दिली की! नोकरी दिली, पुढे विभागप्रमुखही केलं. दरवर्षी सर नव्या वर्गाला त्रिरश्मी बुद्धलेण्यांवर न्यायचे. आधी वंदना व्हायची, मग दगडात कोरलेले जुने पट बोटाने दाखवत सर तिथेच मांडी ठोकून बसायचे.

झुंबर निवृत्त झाले आणि नाशिकला मुलाकडे राहायला आले. एका संध्याकाळी डाव चालू असताना त्यांनी लागोपाठ दोन चाली केल्या. मुलगा हसून म्हणाला, ‘आबा, आता माझी पाळी.’ आबा भडकले. पोराने आपल्याला फसवलं म्हणाले. सुरुवात तिथून झाली. वर्ष सरता सरता ते एकदा मनमाडला पळाले आणि अनकाईच्या बाजूला रुळाकडेने चालताना सापडले. हातात दगड होता आणि त्या दगडाने ते रूळ ठोकत चालले होते. शेवटी शेवटी मुलाला ‘साहेब’ म्हणायचे. त्यांना भरवणं, धुणं, रात्री दाराशी बसणं, सगळं सुनेने, राखीने केलं. आबा गेल्यावर ती एकदाच बोलली, ‘केलं मी. पण हे पुन्हा बघायचं बळ माझ्यात नाही.’ सरांनी ते वाक्य काळजात जपून ठेवलं होतं.

आता सर स्वतः निवृत्तीला आले होते. यंदाच्या श्रावणात तिसऱ्या वर्षाच्या तासाला सायली नावाच्या मुलीने हात वर केला. चूक बरोबर पकडली. सर ‘शाबास’ म्हणेस्तोवर मागच्या बाकावरून संघर्ष ओरडला, ‘सर, वरच्या ओळीत पण एक आहे! आज डबल धमाका!’ वर्गाने टाळ्या वाजवल्या. सरही हसले. पण ती दुसरी चूक त्यांनी केलेली नव्हती. म्हणजे, केली होती त्यांनीच, पण त्यांना ठाऊक नव्हती. त्या दिवशी वाघ-बकरी खेळताना ते घाईघाईने चाली आटपत होते, आणि पोरांना वाटलं सर जोशात आहेत.

मग हे वरचेवर होऊ लागलं. कधी दोन, कधी तीन. पोरं खूश. सरांची मात्र पाचावर धारण बसलेली. रात्रीच टिपण पाठ करायचं, सकाळी अंघोळ करताना मनातल्या मनात घोकायचं, आणि वर्गात पोरांकडे पाठ फिरवली की मानेवर कोणीतरी श्वास टाकतंय असं वाटायचं. डॉक्टरकडे जावं तर राखीला कळणार. राखीला कळलं तर? तिचा तो थकलेला चेहरा डोळ्यांसमोर आला की सर तोंड मिटून घ्यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची! एवढा हुशार माणूस, पण भीतीपुढे सगळी हुशारी गहाण पडते. घरी ते चुकूनही पट काढेनासे झाले. राखीने विचारलं तर म्हणायचे, ‘पेपर तपासायचेत गं.’

दिवाळीची सुट्टी संपली आणि काय आश्चर्य, चुका थांबल्या. तास व्हायचा, एक हात वर यायचा, एकच चूक निघायची. पुढच्या तासाला पुन्हा एकच. सरांना आधी खरं वाटेना. मग जेवण गोड लागू लागलं. झोप लागू लागली. थकवा असेल, वय झालं, आबांची आठवण मनात घर करून बसली असेल, अशी समजूत त्यांनी घातली. एका रविवारी त्यांनी राखीबरोबर डावही मांडला. ती चाल करताना मधूनच त्यांच्याकडे बघायची, ते मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

तरी गणिती माणूस तो. पडताळा घेतल्याशिवाय समाधान होईना. जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी ठरवलं, आज मुद्दाम चूक करायचीच नाही. एकही हात वर आला नाही, तर आपण सुटलो.

फळा भरला. सर वळले, हात झटकले आणि वाट बघू लागले. एकही हात वर नव्हता. सरांच्या छातीत आनंद दाटून आला.

आणि सायलीचा हात वर गेला. ‘सर, तिसरी ओळ.’

सरांनी तिसरी ओळ पाहिली. तिचं बरोबर होतं.

‘मी आज मुद्दाम चूक केलीच नव्हती,’ ते म्हणाले. ‘आणखी आहेत का?’

सायली खाली बघत राहिली. शेवटी संघर्ष उठला. ‘सर, आम्ही एकच सांगतो.’

‘म्हणजे?’

‘दिवाळीनंतर ठरवलं सगळ्यांनी. दुसरी सांगितली की तुमचा चेहरा कसा तरी व्हायचा, सर. लय भीती वाटायची बघून. म्हणून एकच सांगायची, आणि बाकीच्या आपापल्या दुरुस्त करून घ्यायच्या.’

आपण बरे झालो नव्हतोच. पोरांनी आपल्याला सांभाळून घेतलं होतं, आणि आपण त्यालाच औषध समजून बसलो. ते पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि सायलीकडे खडू धरला.

‘सगळ्या दाखव. एकही सोडू नकोस.’

सायली फळ्याकडे गेली. रडत रडतच तिने एकेका चुकीभोवती गोल काढला. प्रत्येक गोल पाहून सर मान हलवत होते. हो, इथे घसरलो. हो, हीसुद्धा. खालच्या ओळीतल्या एका गोलापाशी मात्र त्यांची मान थांबली. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

‘यात काय चुकलंय?’

‘सर, कंस सोडवताना,’ सायली हळूच म्हणाली, ‘बाहेरचं उणे चिन्ह आतल्या दोन्ही पदांना लागतं. तुम्ही पहिल्यालाच लावलंय.’ सातवीतल्या पोराला सांगतात ते. तिने ते पुन्हा एकदा सांगितलं, शेजारी लिहूनही दाखवलं.

सरांनी तो कंस पुन्हा पहिल्यापासून वाचला. हो म्हणावं, मान हलवावी, वेळ मारून न्यावी, असं ओठांवर आलं होतं.

‘नाही कळलं,’ ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातला फोन काढून संघर्षच्या हातात दिला. ‘राखीला लाव. तिला म्हणावं, कॉलेजवर ये. मला तिला काहीतरी सांगायचंय, आणि घरी गेल्यावर माझा धीर होणार नाही.’