मागं कोन बसतं?

बाळारामदादांच्या दुकानासमोर कायम कोणीतरी बंद गाडीवर बसलेलं असायचं. गाडी स्टँडवरून उतरवलेली, नवरा हँडल धरून, बायको मागे मांडीवर भाजीची पिशवी घेऊन, मध्ये पोर. जायचं कुठेच नाही. आणि मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले दादा, दिव्याजवळ तळहात आडवा धरून, "दाब. सोड. परत दाब," म्हणत असायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कोणाचा तरी फोटो काढायचा चाललाय.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये मी ज्या दवाखान्यात काउंटरवर बसते, त्याच्या शेजारचंच त्यांचं दुकान. गाड्यांची वायरिंगची कामं. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढीशी जागा. पलीकडे लच्छूभाईंचं सीटकव्हरचं दुकान. नवीन गिऱ्हाईक आलं की लच्छूभाई आपल्या स्टुलावरूनच ओरडायचे, "साईं, दादाके पास अकेले नहीं आने का, फॅमिली लेके आने का!" दोन वर्षं मी हे नुसतं बघत होते. मग आमची गाडी आली.

आमची म्हणजे संदीपची. माझ्या नवऱ्याने ओळखीतल्या कोणाकडून तरी जुनी मोटारसायकल घेतली. मी म्हटलं होतं, घेऊ नकोस. ऐकेल तर शपथ. आम्ही बदलापूरला राहतो. सकाळी तो मला कॅम्प पाचला सोडून मागे अंबरनाथला कंपनीत जायचा. आठवडा झाला नाही तोच अंबरनाथच्या सिग्नलला एक रिक्षावाला शेजारी येऊन खेकसला, "ओ भाऊ, ब्रेकलाइट लागत नाय तुमचा! आता ठोकलं असतं ना मी ताईंना!"

संदीपने बल्ब बदलला. दुसऱ्या मेकॅनिकने ब्रेकच्या पायाखालचं स्विच बदललं. गंमत अशी की मेकॅनिकसमोर गाडी गेली की दिवा छान लागायचा. शहाण्या पोरासारखा. रस्त्यावर आलो की पुन्हा कोणीतरी मागून बोंब मारायचा. संदीप मला म्हणाला, "तू बसलीस की जातो बघ. वजन कमी कर जरा." मी म्हटलं, "आधी गाडी पारखून घ्यायची अक्कल वाढव, मग माझं वजन बघ." दोन दिवस आम्ही त्यावरून धड बोललो नाही.

शेवटी मीच त्याला दादांकडे ओढून नेलं. दादांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. संदीपला विचारलं, "मागं कोन बसतं?"

"ही बसते. का?"

"बस गो बाय."

मी साडी सावरून बसले. अख्खा कॅम्प पाच आपल्याकडे बघतोय असं वाटत होतं, आणि लच्छूभाई तर बघतच होते. दादा मागे उकिडवे बसले. भर दुपारच्या उन्हात लाल दिवा लागला की नाही हे कळत नाही, म्हणून ते तळहात दिव्याला लावल्यासारखा जवळ धरायचे आणि हातावर लाल पडतं का ते बघायचे. वायरी जोडायच्या तापल्या कावियाने भाजल्याचे डाग होते त्या हातावर.

"दाब." संदीपने ब्रेक दाबला. काही नाही. "बाय, उतर. आता दाब." तळहात लाल झाला. "बस परत." पुन्हा काळोख.

दादांनी सीट उचललं. आधीच्या मालकाने कधीतरी सीट बदललं होतं, आणि ब्रेकच्या दिव्याची वायर लांडी पडली म्हणून जोड देऊन चेसिसवरून आडवी टाकली होती. मागे कोणी बसलं की सीट खाली दबून ती वायर नेमकी चेपायची. वरचं प्लॅस्टिक धड, आत तांबं तुटलेलं. भार नसला की तुकडे एकमेकांना टेकायचे, दिवा लागायचा. भार आला की सुटायचे.

म्हणजे संदीपची थट्टा खरी निघाली होती. मागे माणूस नसताना दिवा लागत होता आणि माणूस बसला की जात होता!  महिनाभर मी तशीच बसून येत होते, आरामात, मोबाइल बघत.

"बायला बोलू नको," दादा संदीपला म्हणाले, जणू आमचं भांडण त्यांनी ऐकलंच होतं. "वायर चुकीची टाकली हाय. बाय बराबर बसते." वायर नवी टाकून ती चेसिसच्या कडेने बांधली, आणि मला तिसऱ्यांदा बसवलं. मग त्यांचं ते नेहमीचं वाक्य ऐकलं: "स्टँडवर सगल्याच गाड्या शान्या."

त्या दिवसापासून आमची ओळख झाली. दुपारी दवाखाना रिकामा असला की मी दारात उभी राहायची आणि ते कामातून मान वर न काढता बोलायचे. मूळचे इथलेच, आगरी. तरुणपणी अंबरनाथच्या एका कंपनीत वायरमन होते, कंपनी बंद पडल्यावर हे दुकान टाकलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन पनवेलला. बोलणं थोडं, पण हट्टी माणूस. दूधवाल्याला ते भरलेले कॅन लावून यायला सांगायचे. एकदा एक कॉलेजातला मुलगा वैतागला. "काका, बल्ब टाका ना फक्त! आईला कुठे बोलावू आता?" दादांनी गाडीची चावी खिशात टाकली आणि म्हणाले, "आई बसते ना मागं? मंग तिला इचारू आपन." आई आली, चांगली अर्ध्या तासाने, शिव्या घालत. बसली. दिवा लागला, तेव्हा दादांनी चावी दिली.

मला हा हट्ट तेव्हा गमतीचा वाटायचा. म्हातारपणचं खूळ, असंही मी एकदा लच्छूभाईंना म्हटलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही.

दादांचा धाकटा भाऊ जना वांगणीला शेती करायचा. महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःची नाही तर मुलाची गाडी घेऊन यायचा, भाजीची पेंडी हँडलला अडकवून. वाटेत दहा गॅरेज सोडून इतक्या लांब. एकदा मी दारात असताना तो मुलाची गाडी घेऊन आला. मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं, आता त्या गाडीवर नवी सून बसणार होती. जना मला हसत म्हणाला, "मॅडम, दादाचा हात लागला म्हंजे मना चिंता नाय. डोले झाकून बसवीन पोरीला."

दादांच्या हातातली पक्कड तशीच थांबली. भाऊ गेल्यावर ते बराच वेळ रिकाम्या जागेकडे बघत बसले. मी विचारलं, बरं नाही का?

त्यांनी मला सांगितलं, ते असं. तेरा वर्षांपूर्वी जनाच्या गाडीचा ब्रेकलाइट त्यांनीच केला होता. स्टँडवर तपासला, लागला, "झाला, जा" म्हणाले. त्याच संध्याकाळी जना बायकोला, सुगंधाला, मागे बसवून वांगणीला निघाला. बदलापूरच्या पुढे म्हैस आडवी आली, जनाने ब्रेक मारला, आणि मागचा टेंपो येऊन आदळला. सुगंधा जागच्या जागी गेली. टेंपोवाला ओरडत होता, लाइट लागलाच नाही, मला कळलंच नाही. लोकांनी त्याला बेदम मारला. पोलिसांनी विचारलं तेव्हा दादांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, लाइट मी स्वतः केलाय, चालू होता.

"तवा मना तसाच वाटत व्हता गो. खोटा नाय बोललो." मग सहा महिन्यांनी मोडलेली गाडी त्यांनी सुट्या भागांसाठी उघडली आणि सीटखाली ती वायर सापडली. आमच्या गाडीत सापडली तशीच. वरून धड, आत तुटलेली.

"मग?"

"मंग काय. गप बसलो."

माझा स्वभाव फटकळ. मी म्हटलं, "दादा, तुम्ही त्यांना सांगायला पाहिजे." लगेच वाटलं, मी कोण सांगणार? एकच तर भाऊ त्यांचा. महिन्या-दोन महिन्यांनी भरवशाने येणारा. सांगितलं तर तो जायचा. दादांनी पुन्हा काम हातात घेतलं. पण चारच दिवसांनी दवाखान्याच्या दारात येऊन म्हणाले, "ऐतवारी वांगनीला जायचा हाय. तू चल. तू पन मागं बसनारी बाय. तू संगं पायजे, नायतर मी वाटेतूनच परत फिरंन."

तोवर मी स्वतःची स्कूटी घेतली होती. रविवारी सकाळी दादा बदलापूरला आमच्या घरी आले आणि माझ्या मागे बसले. निघण्याआधी खाली उतरून संदीपला मागे बसवलं, दिव्यासमोर तळहात धरून बघितलं, मग पुन्हा बसले.  बदलापूर सोडल्यावर एका वळणाशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वेग कमी केला. 

जना अंगणात मुळ्याच्या जुड्या बांधत होता. "अरे दादा! बस बस, चा टाकतो." दादा बसले नाहीत. उभ्यानेच बोलले.

"जना, सुगंधा गेली त्या दिवशी लाइट लागत नव्हता. टेंपोवाला खरा बोलला. मी गाडी स्टँडवर तपासली, तुमाला दोघांना बसवून नाय बगितली. सीटखाली वायर तुटली व्हती. मना मागून मिलाली, तरी बोललो नाय. तेरा वर्सा बोललो नाय."

जनाच्या हातात सुतळी तशीच होती.  मग म्हणाला, "मी त्या मानसाला मारला रे दादा. मी पन मारला." आणि थोड्या वेळाने, जमिनीकडे बघत, "जा तू."

आम्ही निघालो.

जना त्यानंतर आला नाही. एक महिना गेला, तीन गेले. मला माझाच राग यायचा. कशाला मी तोंड घातलं यात? म्हाताऱ्याचा एक आधार होता, तोही माझ्या सल्ल्याने गेला. एक दिवस न राहवून विचारलं, "दादा, निदान मन तरी हलकं झालं का?"

"हलका कशाला व्हायला पायजे?" ते म्हणाले. "त्याला खरा कलायला पायजे व्हता. कलला. आता येवाचा का नाय, तो बगेल." मध्ये ते टेंपो स्टँडवर जाऊन त्या ड्रायव्हरची चौकशीही करून आले. कोणालाच ठाऊक नव्हतं. काम त्यांचं तसंच चालू होतं, दाब, सोड, परत दाब. फक्त हँडलला भाजी अडकवलेली एखादी गाडी रस्त्यावर मंदावली की त्यांची मान वर व्हायची. मी बघायची आणि आत जाऊन केसपेपर लावत बसायची.

पावसाळा संपता संपता त्यांना ताप आला. आमच्याच दवाखान्यात दाखवलं, तिथून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मी भेटायला गेले तर विचारलं, "दुकानावर कोन आलता?" मी म्हटलं, "बरेच येऊन गेले." त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं, पण मला खोटं बोलवेना. चौथ्या दिवशी ते गेले. जना स्मशानात आला होता. लांब, पिंपळाखाली उभा राहिला, कोणाशी बोलला नाही, लाकडं पेटल्यावर निघून गेला. मी मनात म्हटलं, संपलं.

दहाव्याचे विधी सकाळी नदीवर झाले. मी दुपारी कामावर आले होते. दादांचं शटर खाली, समोर कोणी गाडीवर बसलेलं नाही.  इतक्यात एक मोटारसायकल येऊन त्या बंद शटरसमोर थांबली. नदीवरून परतलेला जना होता, डोकं नुकतंच भादरलेलं. मागे त्याची सून बसली होती, पदर डोक्यावर.

तो उतरला नाही. इंजिन बंद केलं, चावी चालूच ठेवली आणि तसाच शटरकडे बघत बसला. मला वाटलं, नमस्कार करून जाईल. पण तो जाईना. मग माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. त्याने ब्रेक दाबून धरला होता.

मी काउंटर सोडून धावत बाहेर आले. गाडीच्या मागे उकिडवी बसले आणि दिव्यासमोर तळहात आडवा धरला.

"लागतो," मी म्हटलं. 

जनाने वळून बघितलं नाही. पाय उचलला, पुन्हा दाबला.

"नीट बग गो बाय," तो म्हणाला. "सून बसली हाय मागं."

मी हात आणखी जवळ नेला. तळहात लाल झाला होता.