पेटीतला फोटो

मैत्रिणीने तो फोटो फ्रेम करायला टाकला तेव्हा दुकानदाराने तिला विचारलं होतं म्हणे, "ताई, हार चंदनाचा देऊ की मोत्यांचा?" तिने त्याला असा झापला की बिचाऱ्याने मागचा हुक फुकट लावून दिला. आसनगावहून निघताना तिने हे सांगितलं आणि आम्ही दोघी खूप हसलो. तेव्हाच आमचं डोकं चालायला हवं होतं. दोघींच्याही घरात हार घातलेले सासरे भिंतीवर आहेत. पण नाही चाललं.

फोटो एका आजींचा होता. टोकावड्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी आहे. मागच्या भातकापणीला मैत्रिणीने तो काढला होता आणि "आणून देते" म्हणाली होती. असं सगळेच फोटोवाले म्हणतात. हिने वर्ष लावलं, पण आणला. घाईचं कारणही होतं. मंगळवारी तिचं ऑपरेशन होतं. पोटात गाठ होती आणि ती साधी की वाईट, हे काढल्यावरच कळणार होतं. "दिलेला शब्द आधी उरकून टाकू," ती म्हणाली. 'उरकून' हा शब्द मला मुळीच आवडला नाही, पण मी स्कूटी काढली.

शहापूर सोडल्यावर तिने मला पाचदा थांबवलं. किन्हवलीच्या पुढे ती भाताच्या भाऱ्यांचा फोटो काढायला बांधावर चक्क पालथी झोपली. कापणी करणारी एक बाई मला म्हणाली, "ती पडली काय गो?"

"नाही, तिचं असंच असतं," मी म्हटलं.

बाईने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि परत विळा चालवला.

मला त्या दिवशी मैत्रिणीचा एक फोटो हवा होता. तिने जगाचे हजारो फोटो काढलेत, पण तिचा स्वतःचा धड एक नाही. कशासाठी हवा होता, हे मी स्वतःलाही नीट सांगत नव्हते. किन्हवलीला मागितला, सरळगावला चहा पिताना मागितला. दुसऱ्या वेळी ती तुटकपणे म्हणाली, "माझा नको. ऑपरेशनच्या आधी तर नकोच नको." मी उठून चहाचे पैसे दिले.

आजी अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. त्यांनी मैत्रिणीला लगेच ओळखलं. सुनेने चटई टाकली, पाणी दिलं. मैत्रिणीने साडीच्या कापडात गुंडाळलेली फ्रेम उघडली. फोटो सुरेखच होता: काळापांढरा, मोठा, एकट्या आजी, प्रत्येक सुरकुती जागच्या जागी. मैत्रिणीने आत पाहिलं. भिंतीवर आजोबांचा फोटो होता, त्याला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार. शेजारी एक खिळा रिकामा होता.

"इथे छान दिसेल, आजोबांच्या शेजारी," ती म्हणाली.

सुनेचा पुढे आलेला हात तिथेच थांबला. ती सासूकडे बघेना, आमच्याकडेही बघेना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मैत्रिणीच्याही. तिचा चेहरा पांढरा पडला. माणूस गेल्यावर घरात जे करतात ते आम्ही आजी समोर बसलेल्या असताना, काचेसकट करून आणलं होतं.

आजींनी फ्रेम मांडीवर घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"फोटू चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पन मी मेले काय गो?"

आणि दात नसलेल्या तोंडाने हसायला लागल्या. सूनही हसली. मैत्रीण मात्र रडायलाच लागली. मी तिला पंधरा वर्षं ओळखते. रडताना पाहिली नव्हती.

"आता रडते कशाला? मी काय रागावले नाय."

"आजी, मंगळवारी माझं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

आजींनी हसणं थांबवलं. त्या उठल्या, आतल्या पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडलं आणि आम्हाला हाक मारली. पेटीत वरच एक कोरं लुगडं होतं. "ह्ये माज्या जायच्या टायमाचं," त्या म्हणाल्या. "म्हातारा गेला तवाच घेऊन ठेवलंय. बारा वरसं झाली, घडी नाय मोडली. तयारी असली का बोलावनं लांबतं." त्यांनी फ्रेम त्या लुगड्यावर ठेवली आणि झाकण लावलं. मग मैत्रिणीला विचारलं, "तुजा काढलास काय फोटू?"

"नाही."

"मग काढ. नि ठेव पेटीत."

परतताना वाडीखालच्या बांधावर मैत्रिणीने मला स्कूटी थांबवायला सांगितली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. पुढची दहा मिनिटं तिने माझा जीव खाल्ला. ऊन मागून येतंय, बोट काचेवर आलंय, श्वास धर, हलू नकोस. मी हलत होते, कारण मला दिसतच नव्हतं. डोळे भरून आले होते. फोटो वाकडा आला. तिने पाहिला आणि म्हणाली, "राहू दे. मोठा करून घे. एकटीचा आहे."

गाठ साधी निघाली. ते कळलं त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. मग फोटो मोठा करून घेतला, त्याच दुकानात फ्रेमही केला. दुकानदाराने या वेळी हाराचं काही विचारलं नाही.

तो माझ्या कपाटात आहे, लग्नातल्या शालूच्या खाली. मैत्रीण घरी आली की चहाच्या आधी कपाट उघडते, शालू वर करून बघते आणि मी तिला किती वाकडी काढलीय याबद्दल मला बोलते. मी ऐकून घेते. मग ती शालू खाली सोडते आणि विचारते, "हलवला नाहीस ना?"

"नाही," मी म्हणते. "घडीसुद्धा मोडलेली नाही."