शहागडच्या घोडीचा रक्तदाब

जालना जिल्ह्यात लोक बियाणं घ्यायला, लोखंड घ्यायला, नाहीतर लग्नाला जातात. मी घोडीच्या शेपटीला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला बघून आलो. माझी धाकटी बहीण सुनंदा अंबडला जनावरांची डॉक्टर आहे. "दादा, पुण्यात बसून मराठवाड्यावर किती लिहिशील?" हा तिचा टोमणा लागला आणि निघालो.

संभाजीनगरहून एसटी पकडली. खिडकीची जागा मिळवा. बाकी आराम विसरा. अंबडच्या वेशीवर निघायच्या बेतातल्या वरातीनं बस अडवली, म्हणून उतरलो. पांढरी घोडी, मानेवर चरबीची जाड वळी. नवरदेव बसण्याआधी करवली घोडीला गूळ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारते, ही इथली रीत. करवलीमागून मावश्या, मावश्यांमागून आत्या. पुण्य कुणालाच सोडवत नव्हतं. मीही मूठभर गूळ चारला, चारतानाचा फोटो एका पोराकडून काढून घेतला आणि ब्लॉगवर टाकला. खाली लिहिलं, 'राणीचा रुबाब'.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला शहागडहून बोलावणं आलं. तिच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. वाटेतल्या ढाब्यावर शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली, दोघांचे सव्वादोनशे झाले. ठेचा जपून खा, मी जपलो नाही.

घोडीचे मालक सलीमभाई गोठ्याच्या दारातच उभे होते. "डॉक्टरबाई, सकाळपासून जागची हालून न्हाई राह्यली."

घोडी कालचीच, पुढच्या खुरांवरचा भार चुकवत मागं रेललेली. सुनंदानं खुरांना हात लावला, चटका बसावा इतके ते गरम होते. मग तिनं शेपटीला पट्टा बांधला. दाब चढलेला निघाला. मी रोज बीपीची गोळी घेणारा जाणकार, म्हणालो, "मग आधी बीपीची गोळी दे."

"तुझ्यासारखे शहाणे भेटतात म्हणून माझा धंदा चालतो," ती म्हणाली. माणसात लठ्ठपणा, साखर आणि रक्तदाब सोबतच नांदतात. घोड्यात ते गणित इतकं सरळ नाही. अशा काही लठ्ठ घोड्यांत दाब वाढलेला सापडतो, पण नुसत्या दुखण्यानंही तो चढतो. खरी भानगड इन्सुलिनची. या घोडीचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मानेवरची चरबीची वळी त्याचीच खूण. गूळ खाल्ला की ते आणखी इन्सुलिन सोडतं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिननं खुराच्या आत सूज येते. फार वाढलं तर घोडी कायमची पांगळी.

सलीमभाईंचा चेहरा उतरला. "मान भरली म्हणून आम्ही खूश व्हतो."

तेवढ्यात तीर्थपुरीच्या एका नवरदेवाचे काका जीपमधून उतरले. पांढरा सदरा, गळ्यात सोनं. उद्याच्या वरातीला त्यांना हीच घोडी हवी होती. "दोन तासाचं काम हाय. थोडा गूळ जास्ती चारा, मंग चालंल बराबर."

"काका, गुळानंच ती जागेवर थिजलीय," सुनंदा म्हणाली.

"लोक काय म्हणतील? आमचं पोरगं पायी जाईल?"

त्यांना घोडीचे पाय दिसतच नव्हते, स्वतःची मिशी तेवढी दिसत होती. असल्या माणसाची मला मनापासून किळस येते. सलीमभाई मात्र शांतपणे म्हणाले, "नवरदेव पायी आला तर लगन मोडत न्हाई. घोडी बसली तर उठत न्हाई. तुम्ही दुसरी बघा."

काका धूळ उडवत गेले. गूळ-दाणा बंद झाला, सुकी वैरण पाण्यात भिजवून द्यायची ठरली, दुखण्याचं औषध दिलं. पायाखाली मऊ वाळू हवी म्हणताच सलीमभाई फावडं घेऊन निघाले.

पुण्यात परतून आठवडा झाला. घोडी चालेल का, हे सुनंदा अजून सांगत नाही. मी मात्र त्या काकांवर तीन पानं लिहिली, चांगली झणझणीत. सोबत फोटो लावायचा म्हणून अंबडचा उघडला. घोडीचे पुढचे पाय पुढं ताणलेले, सगळं अंग मागं रेललेलं. शहागडच्या गोठ्यात ती अगदी अशीच उभी होती. ज्याला मी रुबाब म्हणालो, ते दुखणं होतं.

काकांवरची तीन पानं मी काढून टाकली. फोटो तसाच ठेवलाय. तिच्या तोंडाशी गूळ धरलेला हात माझा आहे.