बोक्याच्या रिकाम्या खेपा

नऊ मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट एकच, आणि तिच्यात स्टुलावर बसून सव्वीस वर्षं वर-खाली करणारा माणूसही एकच. त्याला सगळे लिफ्टमामा म्हणतात. एवढ्या प्रवासात एखादा चंद्राला हात लावून आला असता. मामा रोज संध्याकाळी तळमजल्यावरच उतरतात.

बंद डब्यात माणूस बरंच काही लपवू शकतो, कुत्रा लपवू शकत नाही, या एका तत्त्वावर मामांचं सगळं वैद्यक उभं आहे. पदवी नाही, पुस्तक नाही. पहिल्या मजल्यापर्यंत कान, तिसऱ्यापर्यंत दात, पाचव्यापर्यंत कातडी. त्याहून वर राहणाऱ्यांना वजनावरचं व्याख्यान वेगळं.

"बाई, हा सारखी मान झटकतोय. कानाला वास येतोय त्याच्या."

"लाडात आला की झटकतो हो मामा."

"लाडाला आंबूस वास येत नसतो."

बाई दोन दिवस जिन्याने गेल्या. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांनी तक्रार केली म्हणून लिफ्टमध्ये आल्या, आणि मान खाली घालून सांगितलं, की कानात बुरशी निघाली. सातव्या मजल्यावरची म्हातारी कुत्री दिवसाला आठ वेळा खाली येते, हे तिच्या मालकाच्या आधी मामांनी मोजलं. "एवढं पाणी का पितेय ती? रक्त तपासून घ्या." साखर निघाली. आठव्या मजल्यावरच्या सशाचे दात वाढले तेव्हा मामा मालकिणीला म्हणाले, "त्याला गवत घाला, बिस्किटं तुम्ही खा." पुढे पुढे चौकातल्या डॉक्टरीणबाई नव्या पेशंटला आधी नाव विचारायचं सोडून "मामांनी पाठवलं का?" असंच विचारू लागल्या.

अशा माणसाच्या घरात मुकादम नावाचा बोका होता. इतर जण काम करत असताना समोर बसून नुसतं बघायचं, या गुणावरून नाव पडलेलं. वजन सहा किलो आठशे. खाणं कोरडे दाणे, व्यायाम जांभया. इमारतीतल्या प्रत्येक लठ्ठ जनावराला मामा तोंडावर लठ्ठ म्हणत. मुकादमाची मात्र हाडं जड होती.

घरात माणसं तीन: मामा, मामी आणि मामींच्या आई, म्हणजे मामांच्या सासूबाई. मुकादमाचं वाळूचं घमेलं बाथरूमच्या दाराशी असे. ते साफ करायच्या पाळ्या लावलेल्या होत्या, आणि घरातली सगळी भांडणं त्या पाळ्यांवरूनच होत. बाकी संसार सुखाचा होता.

त्या रविवारी सकाळी पाळी मामींची. त्यांनी खुरपं घेऊन वाळू उकरली आणि आनंदाने हाक मारली.

"अहो, बघा तरी! एकदम स्वच्छ! माझी पाळी असली की कसा शहाण्यासारखा वागतो."

"माणूस ओळखतो तो," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंच्या पाळीला बरोबर ढीग घालतो."

मामांनी पेपर वर धरला. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा हवामानाचा अंदाज वाचलेला बरा.

तेवढ्यात मुकादम घमेल्यात गेला, बसला, कण्हला, तसाच बाहेर आला. चार मिनिटांनी पुन्हा. मग मागचा भाग चाटत बसला. मग पुन्हा.

"पोट साफ होत नसणार मेल्याचं," सासूबाईंनी निदान केलं. "चमचाभर एरंडेल पाजा." आणि मामी बाटली शोधायला लागायच्या आत त्यांनी ती कपाटातून काढलीसुद्धा.

"नऊ," मामा पेपराआडून म्हणाले.

"काय नऊ?"

"खेपा."

आणि त्यांचा पेपर गळून पडला. लिफ्टवाल्याला रिकामी खेप कळते. बटण दाबलेलं, दार उघडलं, आत कोणी आलंच नाही. एकदा झालं तर पोरांचा चावटपणा, दोनदा झालं तर कोणीतरी विसरभोळं. पण नऊ खेपा रिकाम्या गेल्या तर तो बिघाड, आणि बिघाडात खटपट करायची नसते, माणूस बोलवायचा असतो. मामांनी घमेल्यात मनगटापर्यंत हात घातला. वाळू तळापर्यंत कोरडी.

"अगं, काल रात्री कोणाची पाळी होती?"

"तुमचीच की."

"कालही कोरडीच होती."

"मग बोलला का नाहीत?"

"आनंदात होतो."

डॉक्टरीणबाई फोनवर पहिल्यांदा एवढंच म्हणाल्या, "बोका ना? मांजरी नाही?" आणि मग एका दमात, "लघवी तुंबलीय त्याची. बोक्याची वाट अरुंद असते. असाच राहिला तर उद्यापर्यंत हाती लागणार नाही. पोट दाबू नका, घरचं औषध देऊ नका, निघा!"

"एरंडेल..."

"दिलंत?"

"सासूबाईंच्या हातात आहे. त्याच्या पोटात नाही."

"तिथेच राहू द्या."

सासूबाई त्या शब्दाला इतक्या जागल्या की बाटली हातात घेऊनच टॅक्सीत बसल्या. मुकादम धुण्याच्या टोपलीत, टोपली मामींच्या मांडीवर, मामांच्या एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात सासूबाईंची.

"कोण ओरडतंय एवढं?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"बोका. लघवी तुंबलीय."

त्यानंतर त्याने गाडी अशी हाकली, की बघणाऱ्याला वाटावं यालाच लागली आहे.

डॉक्टरीणबाईंनी पोटाला हलकेच बोटं लावली. "मूत्राशय टेनिसच्या चेंडूएवढं झालंय, आणि दगडासारखं." भूल दिली, नळी घातली, आणि मुकादमाला तीन दिवस ठेवून घेतलं. मग मामांकडे वळल्या.

"अख्ख्या इमारतीला उपदेश करता. हा सात किलोला टेकलाय, नुसत्या कोरड्या दाण्यांवर जगतोय, ते दिसलं नाही?"

"हाडं..." मामा म्हणाले, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं वाक्य अर्ध्या मजल्यावर अडकलं.

"ओलं खाणं सुरू करा. पाणी घरात तीन ठिकाणी. वजन उतरवा, पण हळूहळू. आणि घमेलं कोरडं दिसलं तर नाचू नका, मला फोन करा."

बुधवारी सकाळी नळी काढून मुकादम घरी आला. अट एकच: संध्याकाळपर्यंत स्वतःहून झाली पाहिजे, नाही तर परत नळी. तिघांनी घमेल्याभोवती खुर्च्या मांडल्या. मुकादमाने तिघांकडे पाहिलं आणि पाठ फिरवून बसला.

"प्रेक्षक बसवल्यावर कोणाला होते?" सासूबाई म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.

दोनला मामा ड्यूटीवर गेले. त्या दुपारी पाचव्याचे लोक तिसऱ्यावर उतरले, तिसऱ्याचे सातव्यावर, आणि कोणी तक्रार केली नाही, कारण बातमी सगळ्यांना माहीत होती. चढणारा प्रत्येक जण मजल्याऐवजी "झाली का?" विचारायचा.

साडेचारला लिफ्ट गच्च भरलेली असताना फोन वाजला. मामांनी नियम मोडून ती चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये थांबवली.

"झाली!" मामींचा आवाज सगळ्या डब्याला ऐकू गेला.

"कुठे? घमेल्यात?"

"आईच्या मांडीवर!"

"अरे देवा! मग? काय म्हणाल्या?"

"हसतायत नुसत्या. मी म्हटलं ऊठ, साडी बदल. तर मलाच दटावलं, गप बस, पुरती होऊ दे त्याची."

डब्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे भिंतीला चिकटून उभा असलेला कुरिअरवाला तिथला नव्हता. त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि शेजारच्या बाईंना विचारलं, काय झालं म्हणून. त्यांना डोळे पुसण्यातून सवड नव्हती. तेव्हा त्याने पार्सल दोन गुडघ्यांत दाबून धरलं आणि तोही टाळ्या वाजवू लागला.